बंदूकवाल्यांचा उमेदवार

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी काकांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. मग काका रात्री मांगरात जाऊन बसायचे आणि एखादा बार काढायचे. डुक्कर मेलेलं मी कधी पाहिलं नाही, पळाल्याचं तेवढं ऐकलं. निवडणूक जाहीर झाली की मात्र ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि आचारसंहिता उठेपर्यंत ती तिथेच. "इलेक्शन इला की बंदूक ठाण्यात नि डुकर शेतात," असं काका दर वेळी म्हणत. निवडणूक आणि बंदूक या दोघींनी एकमेकींच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

त्यामुळे २०२० च्या मे महिन्यात कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या एका गॅरेजमध्ये चार-पाच बंदूकवाले करोनामुळे घडीच्या खुर्च्या लांब लांब टाकून बसले होते आणि 'आपला' उमेदवार कोणता यावर तावातावाने बोलत होते, तेव्हा त्यांच्यात बसलेल्या मला काही केल्या आगापिछा कळेना.

बायको नर्स, तिची नोकरी रेड डियरजवळच्या गावात, म्हणून आम्ही तिथे. मी शेतीची यंत्रं विकणाऱ्या दुकानात हिशेब बघतो. शेजारी सत्तरीतला शेतकरी, आयुष्यभर गहू आणि कनोला पिकवलेला, आता जमीन मुलाच्या हवाली करून गॅरेजात रमणारा. मी काकांच्या बंदुकीची गोष्ट सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. "येत्या नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला येतोस का? पण आधी कोर्स कर आणि लायसन्सला अर्ज कर." करोना यायच्या आतच मी कोर्स उरकला, तोही निव्वळ कुतूहलापोटी.

त्या कोर्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'अमेरिका खंडात बंदूक किराणामालासारखी मिळते' हा आपल्याकडचा समज कॅनडाला लागू पडत नाही. दिवसभराचा वर्ग, मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, दोन्हींत ८० टक्के गुण हवेत. निकामी केलेल्या बंदुका आणि खोटी काडतुसं हाताळायला देतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळी कुणाकडे वळू द्यायची नाही, बोट चापावर न्यायचं नाही, हे इतकं घोटून घेतात की रात्री जेवतानाही मी बोट सरळ ठेवून चमचा धरला होता. तारेचं कुंपण ओलांडताना बंदुकीचं काय करायचं, यावर वेगळा प्रश्न असतो. मग अर्ज. त्यात दोन ओळखीचे लोक, जोडीदाराची सही, आणि गेल्या दोन वर्षांत तुमचा घटस्फोट, नोकरी जाणं, दिवाळं असं काही झालं का, याची विचारणा. बायकोने सही करताना विचारलं, "मी नाही म्हटलं तर?" तर मग पोलीस तिलाच फोन करून कारण विचारतील, असं शेजाऱ्याने गंभीरपणे सांगितलं. हा अर्ज न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी नावाच्या गावी जातो. नव्या माणसाला निदान २८ दिवस थांबावंच लागतं, माझ्या अर्जावर तर करोनाची धूळ बसली. लायसन्स मिळाल्यावरही तुमचं नाव पोलिसांच्या संगणकातून रोज चाळलं जातं. असे लायसन्सवाले देशात वीस लाखांच्या वर आहेत.

एप्रिलच्या १८ आणि १९ तारखेला नोव्हा स्कोशियात पोर्टापीक आणि आजूबाजूच्या वस्त्यांत एका माणसाने पोलिसाचा वेष करून २२ जणांना मारलं. कॅनडाच्या आधुनिक इतिहासात गोळीबाराची इतकी मोठी घटना झाली नव्हती. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं आणि बहुतेक बंदुका अमेरिकेतून चोरून आणलेल्या होत्या, हे पुढे कळलं. १ मे रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी साधारण १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी जाहीर केली. संसदेत मतदान नाही, मंत्रिमंडळाचा आदेश, आणि अंमल त्या क्षणापासून. ज्यांच्याकडे त्या होत्या त्यांना दोन वर्षांची माफी, म्हणजे अटक होणार नाही. पण बंदूक वापरायची नाही, विकायची नाही, कुलपात ठेवायची.

कुठल्या बंदुका, हे समजून घेताना माझी भंबेरी उडाली. कोर्समध्ये मी तीन वर्ग पाठ केले होते: साध्या, निर्बंधित आणि प्रतिबंधित. एआर-१५ निर्बंधित होती, ती फक्त रेंजवर चालवायची, ती आता प्रतिबंधित झाली, एवढं कळलं. पण कालपर्यंत साध्या वर्गात असलेल्या कित्येक रायफलीही यादीत होत्या. शिवाय २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या तोंडाची नळी बाद, असं कलम. त्यावरून बदकं मारायच्या साध्या १२ बोअरच्या बंदुकाही बाद झाल्या की काय, असा गदारोळ उठला. सरकार म्हणे नाही, बंदूकवाल्यांचे वकील म्हणत कलम नीट वाचा. मी कलम वाचलं. त्याने काही फरक पडला नाही.

शेजाऱ्याच्या हरणाच्या रायफलींना धक्का लागला नव्हता. हाताने खटका मागेपुढे करायच्या जुन्या वळणाच्या त्या रायफली, त्यांना कोण विचारतो. पण वासरांवर येणाऱ्या कायोटींसाठी त्याने एक रुगर मिनी-१४ ठेवली होती. ती गेली. "चाळीस वर्षं ही कपाटात आहे. ती काय एप्रिलमध्ये अचानक बिघडली?" एवढंच तो म्हणाला.

गॅरेजमधले बाकीचे वेगळ्याच तऱ्हेचे होते. तेलक्षेत्रावर सुरक्षा अधिकारी असलेली एक तिशीतली बाई नेमबाजीच्या स्पर्धांना जायची, तिची एआर-१५ बाद झालेली. एक फिलिपिनो गृहस्थ फक्त पिस्तुलाचा नेम धरणारे, त्यांना शिकारीचा तिटकारा. एक तरुण मेकॅनिक, ज्याच्याकडे काय काय आहे हे कुणी विचारायचं नाही असा अलिखित नियम होता. बंदूकवाले म्हणजे एकगठ्ठा मतं, ही माझी समजूत पहिल्याच बैठकीत ढासळली. शिकाऱ्याला नेमबाजाची बंदूक उगाच आणि मिरवण्याची वाटते, नेमबाजाला वाटतं की शिकारी स्वतःची रायफल वाचली की गप्प बसतो. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट आठवणीतली होती. १९९५ च्या कायद्याने आणलेली लांब बंदुकांची नोंदवही, जिचा खर्च महालेखापरीक्षकांच्या अंदाजाने अब्ज डॉलरच्या वर गेला आणि जी २०१२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने रद्द केली. आपण ओरडलो तर सरकार माघार घेतं, ही शिकवण तिथून आलेली.

आता तारखांचा योगायोग पाहा. २०१९ ची निवडणूक हरल्यावर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते अँड्र्यू शीअर यांनी डिसेंबरात राजीनामा जाहीर केला होता आणि नवा नेता निवडायची प्रक्रिया करोनाने अडखळत चालू होती. मत द्यायचं तर १५ मेपर्यंत पक्षाचं सदस्य व्हायला हवं होतं. बंदी आली १ मेला. म्हणजे चिडलेल्या माणसाला चीड कुठे नेऊन ओतायची, याची जागाही आयतीच सापडली होती आणि मुदतही. गॅरेजमधला निरोप एकच होता: पंधरा डॉलर भरा.

"मला कसं चालेल? मी नागरिक नाही," मी म्हणालो. तर चालतं! सार्वत्रिक निवडणुकीत मला मत नव्हतं. पण पक्षाच्या नेत्याच्या निवडीत पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेला, चौदा वर्षं पूर्ण झालेला कुणीही मत देऊ शकतो. देशाचा मतदार नसलेला माणूस उद्याच्या पंतप्रधानपदाचा दावेदार निवडू शकतो, हे मी पक्षाच्या नियमांत दोनदा तपासून पाहिलं आणि क्रेडिट कार्ड काढलं. आपल्याकडे पक्षाध्यक्ष कसा ठरतो ते आठवून मला थोडं हसूही आलं.

अशी भरती आधीही झाली होती. २०१७ च्या शर्यतीत दुधाच्या सरकारी कोटा पद्धतीला विरोध करणारे मॅक्सिम बर्निए आघाडीवर होते. तेव्हा त्यांना रोखायला दुग्धव्यावसायिक शेतकरी सदस्य झाले. तेराव्या फेरीत शीअर ५१ टक्क्यांच्या आतबाहेर निसटते जिंकले, आणि नंतर पत्रकारांच्या मेजवानीत त्यांनी दुधाचा कार्टन तोंडाला लावून दाखवला. शेजाऱ्याचा भाचा दूधवाला. "ते गाईंसाठी सदस्य होऊ शकतात, तर आम्ही का नाही?"

उमेदवार चार. पीटर मॅके, एरिन ओटूल, लेस्लिन लुईस, डेरेक स्लोन. बंदूकवाल्यांनी कुणाला निवडायचं, याचं उत्तर एका संध्याकाळीत मिळेल असं मला वाटलं होतं. चौघांच्या भूमिका समोर ठेवायच्या आणि बघायचं बंदी कोण उठवणार. पण चौघेही उठवणार होते! सगळ्यांनी तेच वचन दिलेलं. मग महिनाभर हे लोक भांडत कशावर होते?

मला हळूहळू कळलं की वाद वचनाचा नव्हता, वचन देणाऱ्याचा होता. टोरंटोभोवतीची उपनगरं जिंकल्याशिवाय या देशात सरकार येत नाही. तिथल्या मतदाराला बंदुका नको आहेत. तिथे गेल्यावर यांपैकी कुणाची जीभ वळेल? गॅरेजमधलं सगळं बोलणं या एका अंदाजावर चाललेलं.

मॅके म्हणजे मोठं नाव, हार्पर यांच्या काळात परराष्ट्र, संरक्षण, कायदा अशी खाती सांभाळलेले. २०१४ मध्ये कायदामंत्री असताना त्यांनी बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा 'तडजोड नाही' असं लिहिलेला टी-शर्ट घालून फोटो काढला होता आणि त्यावरून टीका झाली होती. मला वाटलं, हाच यांचा माणूस. शेजाऱ्याने मान हलवली. "टी-शर्ट काय, कुणीही घालतो. ऑर्चर्डला विचार." डेव्हिड ऑर्चर्ड हे सस्कॅचवनचे शेतकरी-राजकारणी. २००३ मध्ये मॅके तेव्हाच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते झाले ते ऑर्चर्ड यांच्या पाठिंब्यावर, आणि त्यासाठी कागदावर लिहून दिलं होतं की कॅनेडियन अलायन्समध्ये पक्ष विलीन करणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात विलीनीकरणाचा करार झाला. त्यातूनच आजचा पक्ष जन्मला. म्हणजे ज्या पक्षाचा मी पंधरा डॉलर देऊन सदस्य झालो होतो, तो मुळात एक लेखी वचन मोडून उभा राहिलेला! हे गॅरेजमध्ये कुणालाच विनोदी वाटलं नाही.

ओटूल हे हवाईदलात हेलिकॉप्टरवर नॅव्हिगेटर होते, मग वकील, मग खासदार. 'ट्रू ब्लू' ही त्यांची घोषणा, म्हणजे मॅके पुरेसे निळे, पुरेसे कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह नाहीत हा टोमणा. बंदूकवाल्यांशी ते सविस्तर, कलमवार बोलत. शेजाऱ्याला हा माणूस पटला होता. स्लोन सर्वांत कडक बोलणारे, मेकॅनिक पोराचे लाडके. पण देशाच्या तेव्हाच्या मुख्य आरोग्य अधिकारी डॉ. थेरेसा टॅम या कॅनडासाठी काम करतात की चीनसाठी, असं त्यांनी एप्रिलमध्ये जाहीर विचारलं होतं. टॅम यांचा जन्म हाँगकाँगचा. स्थलांतरितावर असा प्रश्न टाकणारा माणूस बंदुकांबद्दल काहीही म्हणो, माझ्या यादीतून तिथेच गेला. फिलिपिनो गृहस्थही यावर माझ्या बाजूने. लुईस जमैकात जन्मलेल्या, टोरंटोच्या वकील, खासदारही नव्हत्या. त्यांच्याबद्दल गॅरेजमध्ये सुरुवातीला कुणी बोलायचंच नाही. ऑगस्ट येईतो सगळेच बोलायला लागले.

हे सगळं मी घरी सांगायचो. एकदा बायकोची एक सहकारी जेवायला आली, मूळची मॉन्ट्रियलची. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मिनी-१४? ती कोणती माहीत आहे ना तुला?" ६ डिसेंबर १९८९ ला मॉन्ट्रियलच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये एका माणसाने मुलींना मुलांपासून वेगळं करून गोळ्या घातल्या. चौदा बायका गेल्या, बहुतेक अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी. त्याच्या हातात रुगर मिनी-१४ होती. १९९५ चा कायदा त्या घटनेतून आला. ही बाई तेव्हा शाळकरी होती आणि दर सहा डिसेंबरला अजून पांढरी फीत लावते. "तुझा शेजारी चांगलाच असेल. पण ती बंदूक बंद व्हायला तीस वर्षं लागली, आणि तू ती परत आणायला मत देणार?"

मी हे शेजाऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की त्या मुलींच्या आईबापांशी वाद घालायची त्याची हिंमत नाही. पण कपाटातल्या त्याच्या रायफलीने आजवर कायोटीशिवाय काही मारलेलं नाही, हेही खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. सीमेवरून चोरून येणाऱ्या बंदुका अडवल्याशिवाय लायसन्सवाल्यांच्या घेऊन फार हाती लागत नाही, असं माझं मत झालं आहे. ते मी त्या मॉन्ट्रियलच्या बाईंसमोर मोठ्याने बोललेलो नाही.

जुलैत मतपत्रिका आली. पसंतीक्रम लावायचा: १, २, ३, ४. "दुसरी पसंती दिली तर पहिलीचं नुकसान होतं का?" या माझ्या प्रश्नावर नेमबाज बाईने पुठ्ठ्यावर आकृती काढून समजावलं. होत नाही. तुमचा पहिला बाद झाला तरच दुसरा उघडतो. इथवर ठीक. मग गुणांचं आलं. देशात तेव्हा ३३८ मतदारसंघ होते, प्रत्येकाला १०० गुण, मग तिथे सदस्य कितीही असोत. अल्बर्टात ज्या मतदारसंघात २,००० जण मत देत, तिथे माझ्या मताचा भाव गुणाचा विसावा हिस्सा. क्वेबेकमध्ये जिथे ५० जण देत, तिथे एका मताला दोन गुण. चाळीसपट! अल्बर्टाचे मतदारसंघ तेव्हा ३४, क्वेबेकचे ७८. "म्हणजे आपण ओरडायचं आणि निवडायचं त्यांनी," मेकॅनिक म्हणाला. त्याचा राग खरा होता. पण कॉन्झर्व्हेटिव्हना आयुष्यभर फक्त अल्बर्टातच निवडून यायचं नसेल, तर ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. मी तसं म्हटलं. त्या संध्याकाळी मला कॉफी मिळाली नाही.

मी लुईस यांना पहिली, ओटूल यांना दुसरी, मॅके यांना तिसरी पसंती दिली आणि चौथी जागा कोरी सोडली. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात, सही केलेलं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्राची प्रत बाहेरच्या लिफाफ्यात, सगळं टपालाने ओटावाला.

२३ ऑगस्टला रविवारी संध्याकाळी निकाल होता. तो आलाच नाही. लिफाफे उघडणाऱ्या यंत्राने हजारो मतपत्रिका फाडल्या होत्या, त्यांच्या नकला हाताने बनवायच्या होत्या. ओटावात मध्यरात्र उलटली. मग एकदाचे आकडे आले. १ लाख ७४ हजारांवर मतं. पहिल्या फेरीत मॅके पुढे, ओटूल मागोमाग. स्लोन बाद. दुसऱ्या फेरीत गंमत अशी की निव्वळ मतं मोजली तर लुईस पहिल्या होत्या, गुणांत मात्र तिसऱ्या, म्हणून त्या बाद. मी विसाव्या हिश्श्याचं गणित समजून घेतलं होतं, तरी हे बघताना पोटात कालवलं. तिसऱ्या फेरीत ओटूल ५७ टक्के गुणांनी जिंकले. माझं मतही, दुसऱ्या पसंतीचं, त्यांच्यात मोजलं गेलं. शेजाऱ्याने गॅरेजचं दार उघडून हात हलवला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात सार्वत्रिक निवडणूक झाली. ओटूल यांच्या छापील जाहीरनाम्यात मे २०२० चा आदेश रद्द करू असं स्पष्ट होतं. प्रचाराच्या ऐन मध्यावर ट्रूडो यांनी त्यावर बोट ठेवलं, क्वेबेकमधल्या फ्रेंच वादचर्चेत प्रश्न आला, आणि दोन-चार दिवसांत ओटूल यांनी सांगितलं की बंदुकांच्या वर्गवारीचा फेरविचार होईपर्यंत बंदी राहील. जाहीरनाम्यात एक तळटीप जोडली गेली. नेता निवडताना पावणेदोन लाख लोक होते, आता मत देणारे १ कोटी ७० लाख, आणि त्यांतले बरेच टोरंटो-मॉन्ट्रियलभोवतीचे. गॅरेजमध्ये ज्या एका अंदाजावर महिनाभर भांडण झालं, तो अंदाज नेमका त्यांच्याच बाबतीत चुकला होता.

"मॅकेने लिहून दिलं होतं," शेजारी म्हणाला, "याने तर छापून दिलं."

ओटूल निवडणूक हरले. २ फेब्रुवारी २०२२ ला त्यांच्याच खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी त्यांना काढलं. कारणं अनेक होती, तळटीप त्यातलं एक. नव्या शर्यतीच्या मध्यावर पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवणारं विधेयक आलं, फिलिपिनो गृहस्थ पहिल्यांदा संतापलेले दिसले. त्या सप्टेंबरात पिएर पॉलिएव्ह पहिल्याच फेरीत ६८ टक्के गुणांनी निवडून आले. बंदी आजही आहे, यादी वाढून अडीच हजार प्रकारांच्या घरात गेली आहे, आणि माफीची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

कॅनडात पीआर घेऊन आलेल्या मराठी मंडळींना एवढंच सांगतो: पक्ष कुठलाही असो, सदस्य होता येतं का ते विचारा आणि मत द्या. फक्त पक्षाची पद्धत मतदारसंघांच्या गुणांची असेल, तर तुमचा मतदारसंघ कुठला, तिथे सदस्य किती, हे आधी बघा, म्हणजे आपल्या मताचा खरा भाव कळेल. आणि टपालाने मत पाठवणार असाल तर बाहेरच्या लिफाफ्यात ओळखपत्राची प्रत घालायला विसरू नका. २०२० मध्ये ती नसेल तर मत मोजत नव्हते.